न आलेले वादळ, नाव नसलेले वारे

६ जून १८८२ रोजी मुंबईवर चक्रीवादळ आदळले आणि त्यात एक लाख माणसे दगावली, अशी नोंद जगातल्या मोठ्या नैसर्गिक आपत्तींच्या अनेक याद्यांत आढळते. ती पुस्तकांतून पुस्तकांत गेली आणि वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतही आली. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्याकडे निघाले तेव्हा हाच आकडा पुन्हा वर आला. ‘१८८२ नंतर मुंबईवर पहिल्यांदाच’ असे मथळे त्या दोन-तीन दिवसांत घरोघरी पोचले. जळगाव-धुळ्याकडेही पोचले.

या लेखात त्या आकड्याची तपासणी करायची आहे. एक लाख माणसे खरोखर मेली होती का? नसतील, तर त्या गोष्टीवर इतका विश्वास कसा बसला? आणि समुद्रापासून तीनेकशे किलोमीटर आत राहणाऱ्या खानदेशी माणसाचा या सगळ्याशी संबंध काय? माझ्या मते संबंध आहे, आणि तो पैशाअडक्यापर्यंत जातो.

हंगामाच्या तोंडावरचे वादळ

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन मोसम असतात. एक एप्रिल ते जूनचा, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. ऐन पावसाळ्यात चक्रीवादळ सहसा बांधले जात नाही, कारण मोसमी वारा जोरात असताना खालच्या थरातला वारा एका दिशेला आणि वरच्या थरातला दुसऱ्या दिशेला धावतो. वादळाचा उभा खांब त्या ओढाताणीत तिरका होऊन मोडतो. मोसमी वारे पुरते स्थिरावण्याआधी मात्र समुद्र तापलेला असतो, हवेत बाष्प असते आणि वरची ओढ अजून कमी असते. या फटीत एखादे वादळ उभे राहते.

अशी बहुतेक वादळे कोकणाकडे येत नाहीत. जून २००७ मधले ‘गोनू’ ओमानकडे गेले. जून १९९८ मधल्या वादळाने गुजरातेत कांडला बंदर उद्ध्वस्त केले आणि अधिकृत आकड्यानुसारच हजाराहून अधिक माणसे मेली. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला थेट भिडणारे जूनचे वादळ हा दुर्मिळ प्रकार. ‘निसर्ग’ तसे होते. १ जून २०२० ला मोसमी पाऊस केरळात पोचल्याची घोषणा झाली आणि त्याच सुमारास अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होत गेला. ३ जूनच्या दुपारी ते तीव्र चक्रीवादळ म्हणून अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. तिथून ते ईशान्येकडे सरकत, दुबळे होत उत्तर महाराष्ट्र ओलांडून गेले आणि ४ जूनच्या पहाटे पश्चिम विदर्भावर पोचले.

जून २०२० चे दोन दिवस

त्या दोन दिवसांत लोक कसे वागले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखे आहे. करोनाची टाळेबंदी होती. राज्यात ‘पुन्हा सुरुवात’ म्हणून निर्बंध सैल करण्याचा पहिला टप्पा ठरला होता नेमका ३ जूनचाच. माणसे आधीच घरात, हातात मोबाइल, समोर दूरदर्शन. वादळाचे नाव मराठीत रोज वापरला जाणारा शब्द. नाव सुचवलेले बांगलादेशने. जुन्या यादीतले शेवटचे नाव ‘अम्फान’ संपल्यावर २०२० च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या १६९ नावांच्या नव्या यादीतले हे पहिलेच. साहजिकच ‘निसर्ग कोपला’ या वाक्प्रचारावर कोट्यांचा पाऊस पडला.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या केंद्रातले करोनाचे रुग्ण हलवले गेले, विमानतळ संध्याकाळपर्यंत बंद राहिला. मग वादळाचा डोळा दक्षिणेला गेला आणि शहर बचावले. त्याच संध्याकाळी सूर बदलला. एवढा गाजावाजा कशाला केला, असे विनोद सुरू झाले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली, मंडणगड या तालुक्यांत तेव्हा घरांची छपरे उडालेली होती. सुपारी आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या होत्या आणि कित्येक गावांत पुढचे कित्येक दिवस वीज आली नाही. माणसे आधीच हलवल्यामुळे मृतांचा आकडा दहाच्या आत राहिला. हे पूर्वसूचनेचे यश होते. पण मुंबईवर आले नाही म्हणजे आलेच नाही, ही समजूत त्या यशावरही पडदा टाकून गेली.

आमच्याकडे प्रतिक्रिया निराळी होती. हवामान विभागाच्या इशाऱ्यांत उत्तर महाराष्ट्रातले जिल्हे होते. टाळेबंदीने रखडलेली कापसाची खरेदी अजून संपली नव्हती आणि अनेकांच्या घरात कापूस पडून होता. पूर्वहंगामी कापसाची लागवड झाली होती किंवा चालली होती. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर पट्ट्यात केळीचे घड झाडावर होते. रोहिणी नक्षत्र संपत आलेले, मृग चार दिवसांवर. खानदेशी शेतकऱ्याला वादळाचा वेग किती याहून दुसरा प्रश्न मोठा होता: हे वादळ पाऊस आणील की घेऊन जाईल?

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. समुद्रातले वादळ आजूबाजूचे बाष्प स्वतःकडे ओढते आणि ते किनाऱ्यापासून दूर निघून गेले तर मोसमी पावसाची पुढची चाल अडते. २०१९ च्या जूनमध्ये ‘वायू’मुळे पाऊस लांबला. २०२३ च्या जूनमध्ये ‘बिपरजॉय’ दहा-बारा दिवस समुद्रात रेंगाळून गुजरातेत गेले. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी, २५ जूनला पोचला. पेरणी लांबणे किंवा दुबार पेरणी करावी लागणे हे खानदेशातल्या घराचे वर्ष फिरवणारे संकट आहे. मुंबईकर वादळाला घाबरून ते टळल्यावर हसला. खानदेशकर ते टळल्यावरही काळजीतच राहिला.

एक लाखाचा हिशेब

आता १८८२ कडे वळू. इतिहासाचार्य राजवाडे यांनी शेवटचा श्वास धुळ्यात घेतला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आजही उभे आहे. अस्सल कागद दाखवा, मग बोला, ही त्यांची शिस्त खानदेशातल्या हौशी संशोधकांनीही थोडीफार उचलली. तीच शिस्त इथे लावून पाहू.

पहिला कागद जनगणनेचा. १८८१ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. एक लाख मेले असते तर दर आठ माणसांमागे जवळजवळ एक गेला असता. १८९१ च्या गणनेत हा आकडा ८,२१,७६४ आहे, म्हणजे वाढलेला. आता खऱ्या संकटाचा ठसा कसा उमटतो ते पाहा. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला, लोक मेले, लोक पळाले. १९०१ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ वर उतरली. प्लेगचा घाव आकड्यांत दिसतो. १८८२ चा दिसत नाही.

दुसरा कागद न्यायालयाचा आणि तुरुंगाचा. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्यावरचा अब्रुनुकसानीचा खटला १८८२ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला आणि जुलै महिन्यात दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे तथाकथित प्रलयानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी. दोघांना ठेवले डोंगरीच्या तुरुंगात, बंदरापासून फार लांब नसलेल्या भागात. तिथल्या एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले, ते मराठी वाचकांना ठाऊक आहे. एक लाख प्रेते पडलेल्या शहरात सहा आठवड्यांत न्यायालय भरून दोन संपादकांच्या अब्रुनुकसानीचा निवाडा करील, ही कल्पनाच टिकत नाही.

तिसरा कागद हवामानाचा. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून होती आणि भारताचा हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला होता. वाऱ्याचा आणि दाबाचा हिशेब ठेवणारी माणसे त्याच शहरात, समुद्राच्या काठावर बसलेली होती. चौथा कागद व्यापाराचा. तेव्हा खानदेशचा कापूस जी. आय. पी. रेल्वेने मुंबईला जाई आणि कुलाब्याच्या कापूस बाजारात उतरे. जळगावच्या पेढ्या आणि मुंबईचे दलाल तारेने जोडलेले होते. मुंबई अशी बुडाली असती तर त्याचा धक्का तापीच्या खोऱ्यातल्या प्रत्येक अडत्याला बसला असता आणि तो इथल्या आठवणीत उरला असता.

हे केवळ तर्काचे काम राहिलेले नाही. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले वातावरणशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल यांनी या वादळाचा माग काढला. मुंबईला चक्रीवादळाचा धोका किती, हा प्रश्न त्यांना कादंबरीकार अमिताव घोष यांनी विचारला होता. घोष यांच्या २०१६ च्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या पुस्तकात त्याची हकिकत आहे. सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाचा निष्कर्ष स्पष्ट आहे: १८८२ च्या आपत्तीला पुरावा नाही, ती घडलेली दिसत नाही.

असे फुगलेले आकडे एकटे नसतात. कलकत्त्याच्या १७३७ च्या वादळात तीन लाख माणसे मेली असे लंडनच्या एका मासिकाने छापले आणि ते दोनशे-अडीचशे वर्षे चालले. भूगर्भशास्त्रज्ञ रॉजर बिल्हॅम यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की तेवढी माणसे तेव्हा कलकत्त्यात नव्हतीच. कंपनीच्या माणसाने कळवलेला शहरातला आकडा तीन हजारांच्या आसपासचा होता. दूर देशातल्या लेखकाला ‘हिंदुस्थानात लाखो मेले’ हे वाक्य तपासावेसे वाटत नाही. आपल्याला ते आपल्याच गावाबद्दल परत ऐकू आले की आपणही तपासत नाही.

‘१८९१ नंतर पहिल्यांदा’

२०२० मध्ये दुसरेही एक वर्ष फार ऐकू आले: १८९१. ‘१२९ वर्षांनी महाराष्ट्रावर जूनमधले पहिले वादळ’ असे वाक्य छापले जाई. वाचणाऱ्याला वाटे, १८९१ साली असे वादळ आले होते. वस्तुस्थिती वेगळी आहे. हवामान विभागाचा वादळमार्गांचा सलग नकाशासंग्रह १८९१ पासून सुरू होतो. म्हणजे १८९१ हे वहीच्या पहिल्या पानाचे वर्ष आहे. ‘नोंदी ठेवायला लागल्यापासून पहिले’ याचे तोंडोतोंडी ‘१२९ वर्षांपूर्वी आले होते’ असे रूपांतर झाले. त्यातला ‘जूनमधले’ हा शब्दही वाटेत गळाला आणि मुंबईजवळ १२९ वर्षांत चक्रीवादळच आले नाही, असा अर्थ पसरला. प्रत्यक्षात २२ नोव्हेंबर १९४८ चे वादळ मुंबईने सोसले होते आणि ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आले होते. कोकणातल्या कोळीवाड्यांत ‘फयान’चे नाव अजून निघते.

वहीच्या आधीचा काळही कोरा नाही. जून १८३७ मध्ये मुंबई बंदरात वादळाने जहाजांची मोठी हानी झाली. नोव्हेंबर १८५४ च्या वादळात चार तासांत पाच लाख पौंडांची मालमत्ता आणि सुमारे हजार माणसे गेल्याची नोंद आहे. ही वादळे आपल्याला आठवत नाहीत. न घडलेले १८८२ मात्र आठवते, कारण त्याला गोल आकडा आहे.

आकड्याची ही गंमत महाग पडते. एक लाख मेले असे मानणारा माणूस हजार मेल्याच्या बातमीला किरकोळ समजतो. पूर्वी कधी आलेच नाही असे मानणारा पुढेही येणार नाही असे धरून चालतो. दोघेही तयारी करत नाहीत. इकडे समुद्र बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. ‘निसर्ग’नंतर अकरा महिन्यांतच, १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ मुंबईच्या बाजूने गेले आणि कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वरचे झोत नोंदले गेले.

नाव नसलेले वारे

आता आपल्या दारात येऊ. खानदेशात जोराच्या वाऱ्याला ‘वावधन’ म्हणतात. वैशाख-ज्येष्ठात दुपारनंतर ढग दाटतात, सातपुड्याकडून काळोख येतो आणि वावधन सुटते. हे चक्रीवादळ नव्हे. तापलेल्या जमिनीवरून ढग उंच चढतो, त्यातला पाऊस खाली पडताना हवा थंड करतो आणि ती जड हवा एकदम खाली आपटून चहूकडे पसरते. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. रुंदी कधी दोन-चार गावांची, कधी एका शिवाराची. एका बांधावर केळी उभी आणि पलीकडे सपाट, असे दृश्य रावेर-यावलकडच्या माणसाला नवे नाही.

केळीचे झाड दिसायला झाड, पण ते लाकडाचे नाही. पानांच्या देठांची गुंडाळी म्हणजे त्याचे खोड. मूळ उथळ, आणि वर वीस-पंचवीस किलोचा घड. मृगबागेतला माल कापणीला येण्याच्या दिवसांतच वावधनाचे दिवस येतात. घड भरलेले झाड कमरेत मोडले की त्या घडाला भाव नाही. वर्षभराचे पाणी, खत, मजुरी आडवी होते. जुने शेतकरी बागेभोवती शेवरी लावत आले ते याच वाऱ्यासाठी.

या नुकसानाचा कागद कोणता? तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकाचा पंचनामा. त्यात कारण लिहिले जाते ‘वादळी वारा व अवकाळी पाऊस’. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी मार्च ते जुलै या काळात ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याचे संरक्षण आहे आणि शेतकऱ्याने नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचे असते. राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर ‘महावेध’ची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ही मोठी सोय झाली. तरी एका शिवारापुरता खाली आपटलेला वारा चार कोसांवरच्या यंत्राला दिसेलच असे नाही. ज्या वाऱ्याने बाग पाडली तो यंत्राच्या वहीत नाही, आणि ज्या वहीत आहे ती तहसील कार्यालयाच्या कपाटात. पुढच्या वर्षी तो वारा गावच्या बोलण्यातूनही जातो, कारण त्याच्याच जातीचा नवा वारा आलेला असतो.

‘निसर्ग’नंतर राज्य सरकारने रायगडसाठी तातडीने १०० कोटी रुपये जाहीर केले. कोकणातल्या फळबागांसाठी मदतीचा दर वाढवून हेक्टरी ५० हजार केला. ते योग्यच झाले, कारण नारळ-सुपारीची बाग पुन्हा उभी राहायला दहा वर्षे लागतात. पण इथे एक गोष्ट कळते. नाव असलेल्या वादळाला मथळा मिळतो, मंत्र्यांचा दौरा मिळतो आणि नियमाबाहेर जाऊन दर मिळतो. दरवर्षी येणाऱ्या बिननावाच्या वाऱ्याला पंचनामा मिळतो आणि त्याची प्रत मिळवायला हेलपाटे. पाच-दहा वर्षांतल्या सगळ्या वावधनांची बेरीज कोणी मांडली तर ती एखाद्या नामांकित वादळाशेजारी ठेवण्याजोगी निघेल, असा माझा कयास आहे. ती मांडलेली नाही, म्हणून विम्याचे हप्ते आणि निकष ठरताना शेतकऱ्याच्या हाती बोलायला आकडा नसतो.

वही

खानदेशला नोंदीची परंपरा नाही असे नाही. १८८० मध्ये छापलेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये सप्टेंबर १८७२ च्या पांझरा आणि गिरणेच्या महापुराची हकिकत आहे. धुळे शहराने त्या पुरात काय गमावले ते दीडशे वर्षांनंतर आपण वाचू शकतो, कारण कोणीतरी ते त्याच काळात लिहून ठेवले. तोवर खानदेश एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे भाग पडले, पुढे जळगाव, धुळे, नंदुरबार झाले. दफ्तरेही तशीच वाटली गेली.

काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. तहसिलींतले पंचनामे, बाजार समित्यांतली केळीच्या आवकेची दैनंदिन पुस्तके, जळगाव-धुळ्याच्या दैनिकांचे मे-जूनचे जुने अंक, फळबागायतदारांच्या घरच्या वह्या, रेल्वेच्या केळी-वाघिण्यांचे हिशेब. हे एकत्र मांडले तर गावागणिक, तारखेगणिक वाऱ्यांचा जंत्रीवजा इतिहास उभा राहील. महाविद्यालयांतल्या इतिहास आणि भूगोल विभागांनी, गावच्या वाचनालयांनी आपापल्या तालुक्यापुरते घेतले तरी चार-पाच वर्षांत होण्यासारखे आहे. त्यात काही फुगवलेले आकडेही सापडतील. ते जनगणनेच्या कागदाने मुंबईचे एक लाख तपासले तसेच शेजारच्या कागदाने तपासता येतील.

पुढच्या ज्येष्ठात अरबी समुद्रात एखादे वादळ उठेल आणि मथळ्यांत १८८२ पुन्हा येईल. त्या दिवशी खानदेशातल्या वाचकाने एवढे करावे: त्या बातमीकडे पाहावे, आकड्याला कागद मागावा, आणि आपल्या शिवारात त्या आठवड्यात वारा सुटला असेल तर तारीख, वेळ, दिशा आणि पडलेली खोडे वहीत लिहून ठेवावीत.